विकिरणित कांदा: जनुक मोजणीसाठी संदर्भ जनुकाची निवड

साठवणुकीतील कांद्याला कोंब येऊ नयेत म्हणून ६० ते ९० ग्रे गॅमा मात्रा देतात. विंचूरजवळ लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचा ‘कृषक’ प्रकल्प २००२ पासून आहे. मात्रेमुळे कोंबवाढीची कोणती जनुके मंदावली, हे आरटी-पीसीआर चाचणीत कळते. नमुन्यागणिक आरएनए कमी-जास्त असल्याने तुलना स्थिर संदर्भ जनुकाशी करावी लागते.

नेहमीची ॲक्टिन व ट्युब्युलिन ही जनुके पेशींच्या सांगाड्याशी आणि विभाजनाशी निगडित आहेत. विकिरणाने विभाजनच थांबते. त्यामुळे ती स्थिर राहतील असे गृहीत धरू नये. संदर्भ जनुक एका आवर्तनाने सरकले, तरी निष्कर्ष जवळपास दुपटीने चुकतो.

निवड करताना :

- ॲक्टिन, ट्युब्युलिन, युबिक्विटिन, जीएपीडीएच अशी पाच-सहा जनुके तपासावीत.
- विकिरणित व अविकिरणित नमुने एकाच वाणाचे, साठवणुकीच्या एकाच दिवसाचे आणि कांद्याच्या आतील कोंबाचेच घ्यावेत.
- जीनॉर्म किंवा नॉर्मफाइंडरने स्थिरतेचा क्रम लावावा.
- किमान दोन जनुकांची भूमितीय सरासरी वापरावी.

मात्रेविषयीचा अहवाल वाचताना संदर्भ जनुके विकिरणित कांद्यावर तपासली होती का, हे आधी पाहावे.