मान झुकवावी, पण कुठे?

'बॉडी लँग्वेज'चे क्लास आता गल्लोगल्ली निघाले आहेत. ताठ बसा, समोरच्याच्या डोळ्यांत पाहून बोला, खांदे पाडू नका, असं तिथे शिकवतात. आपल्या शहराच्या इतिहासात याचा साडेतीनशे वर्षांपूर्वीचा एक धडा आहे, तो मात्र फारसा कुणी सांगत नाही.

मोगल दरबारात शरीराची भाषा ठरलेली होती. 'आईन-ए-अकबरी'त तिचं वर्णन आहे. उजव्या हाताचा तळवा कपाळाला लावून मान झुकवायची, ती कोर्निश. उजव्या हाताची मागची बाजू जमिनीला टेकवून सावकाश उठायचं आणि तळवा डोक्यावर ठेवायचा, ती तसलीम. कोण कितव्या रांगेत उभा आहे, कोण कुणाला भेटायला जातो, यावरून माणसाचा दर्जा कळत असे.

पुरंदरच्या तहानंतर, १६६६ साली, शिवाजी महाराज आग्र्याला निघाले आणि वाटेत औरंगाबादला थांबले. सोबत नवव्या वर्षात असलेले संभाजीराजे होते. लोक त्यांना पाहायला बाहेर पडले. ही हकिकत लिहिणारा भीमसेन सक्सेना हा बुऱ्हाणपूरचा कायस्थ, मोगलांच्या नोकरीत आयुष्य घालवलेला फारसी लेखक. शहराचा मोगल अधिकारी सफशिकन खान स्वतः सामोरा गेला नाही. त्याने पुतण्याला पाठवलं आणि महाराजांनी आपल्या कचेरीत येऊन भेटावं असा निरोप दिला.

महाराजांनी वाद घातला नाही की आवाज चढवला नाही. त्यांनी पुतण्याकडे लक्षच दिलं नाही आणि घोडा सरळ आपल्या मुक्कामाकडे वळवला. खानाला जे समजायचं ते समजलं. तो इतर अधिकाऱ्यांना घेऊन स्वतः भेटीला गेला. दुसऱ्या दिवशी महाराजांनी परतभेट दिली आणि सगळ्यांशी अदबीने वागले.

मला ही परतभेट फार महत्त्वाची वाटते. आधीचा दिवस गर्वाचा असता, तर दुसऱ्या दिवशी ते गेलेच नसते.

१२ मे १६६६ रोजी आग्र्यात मात्र गोष्ट वेगळी घडली. तिथल्या राजपूत कारभाऱ्यांच्या पत्रांतून ती कळते. मागच्या रांगेत उभं केल्यावर महाराजांचे डोळे संतापाने पाणावले. ते तख्ताकडे पाठ फिरवून बाजूला जाऊन बसले आणि खिलअत घ्यायलाही त्यांनी नकार दिला. पुढची नजरकैद आणि सुटका सर्वांना ठाऊक आहे. औरंगाबादच्या खानाने आपली चूक सुधारली, आग्र्याच्या दरबाराने सुधारली नाही. फरक इतकाच.

हे आज आपल्या मुलांसाठी का सांगायचं? उर्दू शाळेतली मुलं मराठीत बोलायला उभी राहिली की त्यांची नजर जमिनीला खिळते. घरी वडीलधाऱ्यांपुढे नजर खाली ठेवणं ही तहजीब आहे. सूरह नूरमध्येही नजर खाली ठेवायला सांगितलं आहे, आधी पुरुषांना आणि मग स्त्रियांना. पण ती हयेची नजर आहे, भीतीची नव्हे. मुलाखतीच्या टेबलापुढे हीच नजर 'याला काही येत नाही' अशी वाचली जाते आणि हुशार मूल मागे पडतं. एखादा शब्द चुकेल, आपला लहेजा ऐकून कुणी हसेल, ही धास्ती त्यामागे असते.

मुलांना दोन्ही शिकवायला हवं. दादा-नानांना सलाम करताना मान जरूर झुकावी. पण आपलं नाव, शिक्षण आणि हक्काचं काम सांगताना समोर पाहावं. डोळे रोखून धरायची गरज नाही. वाक्य पूर्ण होईपर्यंत नजर समोर राहिली तरी पुरे.

धडा टेबलापलीकडच्या माणसासाठीही आहे. शाळेत मुलाखतीचा सराव घ्याल, तेव्हा साहेब झालेल्या मुलालाही उठून सलाम घ्यायला सांगा. खानालाही शेवटी उठून यावंच लागलं होतं, आणि त्यात त्याचं काही कमी झालं नाही.