परिचारिकेला परवानगी कुणाची?

पुणे स्टेशनवरून ससून रुग्णालयाच्या बाजूने जाताना त्या जुन्या दगडी वास्तूकडे आमची दृष्टी सहज वळते. ज्यू दानशूर डेव्हिड ससून यांच्या देणगीतून १८६७ साली हे रुग्णालय उभे राहिले. दात्याचे नाव साऱ्या पुण्याच्या ओठी आहे. तेथे रुग्णसेवेचे धडे गिरवणाऱ्या पहिल्या एतद्देशीय विद्यार्थिनींची नावे मात्र कुणाच्या स्मरणात नाहीत.

१९०९ साली रमाबाई रानडे यांनी पुण्यात सेवासदनाचे कार्य आरंभिले. गोपाळ कृष्ण देवधर त्यांच्या साथीला होते. पुढे थोड्याच वर्षांत सेवासदनाच्या विद्यार्थिनी ससूनमध्ये परिचर्येचे शिक्षण घेऊ लागल्या. त्यांत विधवाही होत्या. ज्या घरांतून विधवेने माजघराबाहेर येणेही अशुभ मानले जाई, तेथल्या स्त्रीने परक्या पुरुषाची जखम धुवावी, जात न विचारता त्याच्या तोंडी पाणी घालावे आणि रात्रपाळी संपवून उजाडताना परतावे! परिचर्या हे कुलीन स्त्रीचे काम नव्हे, असा सार्वत्रिक समज होता. तेव्हा रमाबाईंना रुग्णालयाचे दार उघडून घेण्याइतकेच कष्ट या मुलींच्या घरची दारे उघडण्यासाठी पडले. त्या समजूत घालीत राहिल्या, राहण्याची सोय व्हावी म्हणून वसतिगृहे काढली. शरीरशास्त्राच्या पाठाआधी या विद्यार्थिनींना लोकनिंदा सोसण्याचा पाठ घ्यावा लागला, असे आम्हांस वाटते.

त्या काळी भारतातील रुग्णालयांतून परिचारिका म्हणून दिसत त्या बहुतांशी युरोपियन, अँग्लो-इंडियन आणि देशी ख्रिस्ती स्त्रिया. याचा आपल्याला अभिमान वाटतो आणि तो योग्यच आहे. परंतु वाचकहो, परवानगीचा प्रश्न आपल्या घरातही होता. व्रतस्थ धर्मभगिनींनी वैद्यकी व प्रसूतिकार्य करू नये, असा ख्रिस्तसभेचा जुना निर्बंध होता. पडद्यातील स्त्रिया पुरुष डॉक्टरांना नाडी दाखवत नाहीत आणि उपचाराविना प्राणास मुकतात, हे जाणून स्कॉटिश डॉक्टर अ‍ॅग्नेस मॅक्लारेन यांनी १९०९ साली रावळपिंडीत रुग्णालय उघडले आणि हा निर्बंध उठावा म्हणून रोमकडे वारंवार विनवणी केली. १९१३ साली त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या प्रेरणेने डॉक्टर झालेल्या अ‍ॅना डेंगेल यांनी १९२५ मध्ये मेडिकल मिशन सिस्टर्स हा संघ स्थापिला. रोमची मुभा मिळाली ती फेब्रुवारी १९३६ मध्ये. विलंब झाला, हे नम्रपणे मान्य केले पाहिजे. मदर तेरेसा १९४८ साली कलकत्त्याच्या वस्त्यांत उतरण्यापूर्वी परिचर्या शिकल्या, त्या पाटण्याला याच भगिनींकडे.

आज पुण्यात परिचर्येची महाविद्यालये आहेत, पदव्युत्तर शिक्षणही आहे. नवे आहे ते ‘नर्स प्रॅक्टिशनर’ हे पद. १९६५ साली अमेरिकेत, कोलोराडो विद्यापीठात, परिचारिका लोरेटा फोर्ड आणि बालरोगतज्ज्ञ हेन्री सिल्व्हर यांनी असा पहिला अभ्यासक्रम सुरू केला. भारतात अतिदक्षता विभागासाठीचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम २०१६-१७ च्या सुमारास भारतीय परिचर्या परिषदेने आखला. त्याची विद्यार्थिनी कोवळी मुलगी नसते. पदवी घेऊन रुग्णालयात काम केलेली परिचारिका असते. शिक्षणाचा मोठा भाग रुग्णाच्या खाटेपाशीच होतो. तिथे तिला एक सवय मोडावी लागते. आजवर रुग्णाचा श्वास बिघडला की ती डॉक्टरांना कळवी आणि आज्ञेची वाट पाही. आता तिने स्वतः तपासावे, कारणांचा विचार करावा, काय करावे हे मांडावे आणि का तेही सांगावे, अशी अपेक्षा असते. अनुभवी हातांना हे सोपे जात नाही. शिवाय औषधयोजनेचा तिचा अधिकार ठरवून दिलेल्या नियमावलीच्या चौकटीतला, स्वतंत्र नव्हे. विद्या दिली, पण अधिकार हात राखून, असे आम्ही म्हणालो तर डॉक्टर मंडळींनी रागावू नये.

आणि घरी? आमच्या धर्मग्रामांत मुलगी परिचारिका आहे म्हटल्यावर तिच्या पगाराची चौकशी होते; तिला पुढे शिकायचे आहे म्हटल्यावर कपाळाला आठ्या पडतात. “नोकरी सोडून आणखी दोन वर्षे? मग मुलांकडे कोण पाहणार?” रमाबाई ज्या उंबरठ्यांवर समजूत घालीत उभ्या राहिल्या, तेथेही असेच काहीसे विचारले गेले असेल.