रुग्णनोंदी, संगणकीय : प्राथमिक आरोग्यसेवेतील पाठपुरावा

रुग्ण दवाखान्यात येण्याची वाट न पाहता, संगणकातील नोंदी चाळून कोणाची तपासणी, औषध किंवा लस राहिली आहे ते शोधायचे आणि त्याच्यापर्यंत आपणहून पोहोचायचे, अशी ही कार्यपद्धती आहे. उच्च रक्तदाब, मधुमेह, क्षयरोग, गरोदरपण व बाललसीकरण ही तिची मुख्य क्षेत्रे.

पूर्वपीठिका : ही पद्धत संगणकाच्या आधीची आहे. दक्षिण वेल्समधील ग्लिनकोरुग या कोळसा-खाणीच्या गावात डॉ. ज्युलियन ट्युडर हार्ट यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस आपल्याकडे नोंदलेल्या प्रौढांचे रक्तदाब मोजण्याचे काम हाती घेतले आणि न आलेल्यांचा पिच्छा पुरवला. या कामाचा २५ वर्षांचा आढावा १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. शेजारच्या गावाच्या तुलनेत मृत्युमान कमी आढळले. मात्र त्यात पद्धतीचा वाटा किती व एका डॉक्टरच्या चिकाटीचा किती, हे वेगळे काढणे अवघड आहे. अमेरिकेत क्लेमेंट मॅक्डॉनल्ड यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात संगणकाची सूचना समोर असताना डॉक्टरांनी ५१ टक्के प्रसंगी योग्य कृती केली, सूचना नसताना २२ टक्के. डॉक्टर चुकतो तो अज्ञानामुळे नव्हे, तर माहितीच्या भाराखाली, असे त्यांचे म्हणणे होते.

ब्रिटन : येथे जवळजवळ प्रत्येक नागरिक एका दवाखान्याच्या यादीवर असतो, त्यामुळे न आलेल्यांची गणतीही होते. २००४ पासून अशा नोंदींतून निघणाऱ्या गुणांवर दवाखान्यांना मोबदला मिळू लागला (आरंभी कमाल १,०५० गुण). स्कॉटलंडने ही योजना २०१६ मध्ये बंद केली. तिच्या फलिताबद्दल एकमत नाही.

महाराष्ट्र : ‘भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम’ नोव्हेंबर २०१७ मध्ये पाच राज्यांत सुरू झाला. महाराष्ट्रातील सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा व वर्धा हे जिल्हे पहिल्या टप्प्यात होते. पंजाब व महाराष्ट्रात नोंदींसाठी ‘सिंपल’ हे मोबाइल अ‍ॅप वापरात आले. रुग्णाला क्यूआर कोड असलेले छोटे कार्ड मिळते. पुढच्या खेपेस परिचारिका ते स्कॅन करते, रक्तदाब व गोळ्या नोंदवते आणि पुढची तारीख देते. नेटवर्क नसले तरी नोंद होते. डोंगरातल्या उपकेंद्रात अ‍ॅपची इतर कोणतीही सोय याच्यापुढे गौण आहे.

तारीख उलटून गेली की रुग्णाचे नाव थकीत यादीत चढते. नावाशेजारीच फोन लावायची सोय असते. बोलणे झाल्यावर परिचारिका तीनपैकी एक पर्याय निवडते : येतो म्हणाला, नंतर आठवण करा, यादीतून काढा. तिसऱ्या पर्यायाला कारण द्यावे लागते. खरा अडथळा पुष्कळदा फोन नंबरचाच असतो. तो मुंबईला चाकरीला असलेल्या मुलाचा निघतो, किंवा रिचार्जअभावी बंद पडलेला असतो. मग यादी गावातील आशा स्वयंसेविकेकडे जाते आणि काम पुन्हा पायी होते.

नियंत्रणाचे प्रमाण काढण्याची रीत येथे निर्णायक ठरते. समजा, ४०० रुग्ण नोंदलेले आहेत, गेल्या तीन महिन्यांत ३०० आले व त्यांतील २१० जणांचा रक्तदाब १४०/९० च्या खाली आहे. आलेल्यांपुरते पाहिले तर नियंत्रण ७० टक्के. न आलेले १०० धरले तर ५२.५. अ‍ॅपचा अहवाल न आलेल्यांना वेगळ्या रकान्यात दाखवतो, पण छेदातून वगळत नाही. आढावा बैठकीत गैरसोयीचा वाटणारा हाच आकडा उपयोगाचा आहे. अर्थात, खाजगी डॉक्टरकडून गोळ्या घेणारा रुग्णही या हिशेबात ‘न आलेला’ ठरतो. शिवाय शून्यावर संपणाऱ्या रक्तदाबाच्या आकड्यांची गर्दी दिसली, तर यंत्र किंवा मोजणारा हात तपासावा लागतो. संगणक ती गर्दी मुकाट्याने स्वीकारतो.

भारतात दवाखान्यावर नाव नोंदवण्याची सक्ती नसल्याने मूळ लोकसंख्या उपकेंद्राच्या हद्दीवरून धरतात (सपाटीवर ५,०००, डोंगरी व आदिवासी भागात ३,०००). तिशी ओलांडलेल्यांची तपासणी राष्ट्रीय असंसर्गजन्य रोग पोर्टलवर नोंदवली जाते. एकच नोंद रजिस्टरात, अ‍ॅपवर व पोर्टलवर करावी लागते, ही कर्मचाऱ्यांची जुनी तक्रार आहे.

इतर कार्यक्रम : माता-बालकांसाठी अशी संगणकीय नोंद २००९ पासून, क्षयरोगासाठी ‘निक्षय’ प्रणाली २०१२ पासून.

गोपनीयता : अशा नोंदींतील वैयक्तिक माहितीच्या संदर्भात, डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला.