न कुजणारी बोट आणि तिची पारख

जुन्या लाकडी बोटीची पारख टोच्याने होत असे. तळाच्या फळीत टोचा रुतला की लाकूड कुजलेले, अडला की धड. फायबरग्लासच्या बोटीपुढे हा टोचा निकामी ठरला, आणि त्याच्या जागी काय आणायचे हे उमगायला अमेरिकेत बराच काळ गेला.

काचेचे कापड पॉलिएस्टर रेझिनमध्ये भिजवून बोट घडवण्याचा प्रयोग ओहायोतील टोलीडोच्या रे ग्रीन यांनी १९४२ च्या सुमारास केला. मध्यमवर्गीयांच्या आवाक्यात अशी शिडाची बोट आणली ती ऱ्होड आयलंडमधील पिअर्सन या चुलतभावांनी. कार्ल आल्बर्ग यांनी आरेखलेली त्यांची २८ फुटी ‘ट्रायटन’ जानेवारी १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या बोट शोमध्ये झळकली. किंमत दहा हजार डॉलरच्या आत होती. पुढच्या आठेक वर्षांत तशा सातशेच्या आसपास बोटी बनल्या.

फायबरग्लासची बोट कुजत नाही, तिला कीड लागत नाही, अशी ख्याती पसरली. तळ आणि बाजूंपुरती ती बरीचशी खरीही होती. डेकची गोष्ट वेगळी. डेक हलका पण ताठ राहावा म्हणून काचेच्या दोन थरांमध्ये बाल्साचे लाकूड घालत. कठड्याचे खांब, कप्प्या, खुंट बसवायला त्यात भोके पाडावी लागत. बोल्टभोवतीचे सीलंट वाळून चिरले की पावसाचे पाणी झिरपून बाल्सा कुजू लागे, आणि वरचा पृष्ठभाग मात्र चकचकीतच राही. लाकूड बोटीतून गेले नव्हते, नजरेआड झाले होते इतकेच. कॅलिफोर्नियात सॉसलिटोला बनलेल्या ट्रायटनचे डेक बाल्साविना, भरीव काचेचे होते. त्यामुळे जुनी ट्रायटन घेताना ती कोणत्या किनाऱ्यावर बनली हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

टोच्याची जागा अखेर कानाने घेतली. माठ घेताना टिचकी मारतात, तसा बोट तपासणारा सर्व्हेअर प्लॅस्टिकच्या टोकाची छोटी हातोडी डेकवर वीतवीत अंतराने आपटत जातो. थर एकजीव असेल तर खणखणीत आवाज येतो. सुटलेला किंवा भिजलेला असेल तर बद्द. आवाज बदलतो तिथे खडूची खूण होते, आणि खुणा जोडल्या की कुजलेल्या भागाचा नकाशाच उमटतो.

१९७२ पासून अमेरिकेत प्रत्येक नव्या बोटीवर बारा अक्षर-अंकांची ओळखखूण सक्तीची झाली, त्यामुळे बांधणारा आणि साल पडताळणे सोपे झाले. तळाचे दुखणे मात्र तेव्हा कुठे डोके वर काढत होते. जेलकोट, म्हणजे बोटीचा सर्वांत बाहेरचा चकचकीत थर, पाण्याला पूर्ण अडवत नाही. आत झिरपलेल्या पाण्यात रेझिनमधले विद्राव्य अंश उतरतात, ते द्रावण आणखी पाणी ओढून घेते आणि दाबाने फोड येतो. फोडला तर आंबूस वासाचा, बोटांना बुळबुळीत लागणारा द्रव निघतो. गोड्या पाण्यातल्या बोटींना हे फोड जास्त येतात, कारण बाहेरचे पाणी जितके कमी खारे तितकी आतली ओढ जोरकस. १९८० च्या दशकात ऱ्होड आयलंड विद्यापीठात यावर संशोधन झाले, आणि बांधणारे तळाच्या बाहेरच्या थराला पाणी कमी शोषणारे व्हिनाइलएस्टर रेझिन वापरू लागले.

त्याच सुमारास ओल मापणारा मीटरही रुळला. पण तांबे असलेला रंग, आतली धातूची टाकी किंवा नुकतीच पाण्याबाहेर काढलेली बोट त्याला सहज चकवते. म्हणून त्याचा काटा चढला की सर्व्हेअर तीच जागा हातोडीने पुन्हा वाजवून पाहतो.