मुक्त स्रोत सॉफ्टवेअरचे अर्थकारण

ज्या सॉफ्टवेअरचा मूळ कोड कोणालाही पाहता, बदलता आणि पुन्हा वितरित करता येतो, त्यास मुक्त स्रोत सॉफ्टवेअर म्हणतात. असे सॉफ्टवेअर घडविणाऱ्या व सांभाळणाऱ्या प्रकल्पांना पैसा कोणत्या मार्गांनी मिळतो, याची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे.

इंग्रजीतील 'फ्री' या एकाच शब्दात 'विनामूल्य' व 'स्वतंत्र' हे दोन्ही अर्थ सामावल्यामुळे तेथे पुष्कळ गोंधळ झाला. मराठीत 'फुकट' आणि 'मुक्त' हे शब्द मुळातच वेगळे आहेत. या चळवळीचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन हे स्वतः १९८५ मध्ये 'ईमॅक्स' या सॉफ्टवेअरची चुंबकीय फीत १५० डॉलरना विकत असत. त्यांच्या जीएनयू परवान्यातही प्रत विकण्यास मनाई नाही. मात्र प्रत घेणाऱ्यास ती पुढे वाटण्याचा हक्क असल्यामुळे निव्वळ प्रतींच्या विक्रीवर फार काळ निभाव लागत नाही. म्हणून प्रतीऐवजी तिच्याशी निगडित असे दुसरे काही विकावे लागते.

== सेवा व वर्गणी ==
१९९३ साली अमेरिकेत स्थापन झालेली रेड हॅट ही कंपनी याचे ठळक उदाहरण होय. लिनक्स कोणालाही विनामूल्य मिळू शकत असता बँका व मोठे उद्योग या कंपनीस वार्षिक वर्गणी देतात, ती पारखलेल्या आवृत्तीसाठी, अनेक वर्षे मिळणाऱ्या सुरक्षा-दुरुस्त्यांसाठी आणि अडचणीच्या वेळी जबाबदारी घेणारे कोणीतरी असावे यासाठी. २०१२ मध्ये कंपनीचे वार्षिक उत्पन्न एक अब्ज डॉलरच्या पुढे गेले व २०१९ मध्ये आयबीएमने ती ३४ अब्ज डॉलरना विकत घेतली. जून २०२३ मध्ये कंपनीने आपल्या मुख्य लिनक्स आवृत्तीचा कोड ग्राहकांपुरता मर्यादित केला. परवान्याच्या शब्दांत हे बसत असले, तरी त्यामागील भावनेशी ते सुसंगत नाही, अशी टीका झाली. ती अगदीच निराधार म्हणता येत नाही.

== दुहेरी परवाना ==
मायएसक्यूएल या डेटाबेसच्या स्वीडिश कंपनीने एकच कोड दोन परवान्यांखाली दिला. स्वतःचा कोड खुला ठेवण्यास तयार असणाऱ्यांना तो विनामूल्य मिळे. इतरांना व्यापारी परवाना विकत घ्यावा लागे. संपूर्ण कोडचे हक्क एकाच संस्थेकडे असतील तरच ही पद्धत चालते.

== होस्टिंग आणि परवान्यांचा वाद ==
सॉफ्टवेअर मुक्त ठेवून ते आपल्या सर्व्हरवर चालवून देण्याचे शुल्क घेणे, हा सध्याचा प्रचलित मार्ग आहे. वर्डप्रेसच्या बाबतीत ऑटोमॅटिक कंपनी, तर ईआरपीनेक्स्टच्या बाबतीत मुंबईची फ्रॅपे कंपनी तो अनुसरते. पण हीच सेवा ॲमेझॉनसारख्या बलाढ्य कंपन्याही देऊ शकतात. या स्पर्धेमुळे मोंगोडीबीने २०१८ मध्ये व इलॅस्टिकने २०२१ मध्ये परवाने कडक केले. मोंगोडीबीचा नवा परवाना मुक्त स्रोत नाही, असे ओपन सोर्स इनिशिएटिव्हने स्पष्ट केले, तर ॲमेझॉनने इलॅस्टिकच्या जुन्या कोडवरून 'ओपनसर्च' हा स्वतंत्र प्रकल्प काढला.

== अन्य मार्ग ==
फायरफॉक्स ब्राउझरच्या मोझिलाचे बहुतांश उत्पन्न गूगलकडून येते. ब्राउझरमधील मूळ शोधयंत्र गूगलचे असावे याचा तो मोबदला आहे. गूगलचा स्वतःचाही ब्राउझर असल्याने प्रतिस्पर्ध्याच्या पैशावर चालणारा हा संसार विलक्षणच म्हणावा लागेल. त्रिमितीय चित्रणाचे 'ब्लेंडर' हे सॉफ्टवेअर मात्र लोकवर्गणीतून मुक्त झाले: मूळ कंपनी बंद पडल्यावर २००२ मध्ये एक लाख युरो सुमारे सात आठवड्यांत जमले.

== निधीची विषम वाटणी ==
ज्या सॉफ्टवेअरवर सर्वांचे काम अवलंबून असते, त्याकडेच पैसा पोचेल असे नाही. संकेतस्थळांवरील व्यवहार सुरक्षित ठेवणाऱ्या ओपनएसएसएलमध्ये एप्रिल २०१४ मध्ये 'हार्टब्लीड' नावाचा गंभीर दोष उघड झाला. त्या वेळी या प्रकल्पास वर्षाकाठी सुमारे २,००० डॉलर देणगी मिळत होती आणि पूर्णवेळ काम करणारा एकच मनुष्य होता. त्यानंतर लिनक्स फाउंडेशनने मोठ्या कंपन्यांकडून अशा प्रकल्पांसाठी निधी उभारला. तरीही मार्च २०२४ मध्ये 'एक्सझेड' या माहिती-संक्षेपणाच्या साधनात हेतुपुरस्सर घातलेला चोरदरवाजा सापडला. त्याचा मूळ सांभाळकर्ता हे काम विनावेतन, फावल्या वेळात करीत असे. मदतनीस म्हणून पुढे आलेल्या अनोळखी व्यक्तीने सुमारे दोन वर्षांत त्याचा विश्वास संपादन केला होता.