कण्हाच्या चेल्याची सही

भिसेगावहून कोंदिवड्याला गेलं की राजमाचीचा डोंगर समोरच येतो. राजमाचीला निघालेली मंडळी वाटेत कोंडाण्याच्या लेण्यांत टेकतात, डबे उघडतात, चैत्याच्या कमानीखाली फोटो काढतात आणि वर चढायला लागतात. कमानीच्या डाव्या अंगाला माणसाहून मोठ्या आकाराची एक मूर्ती होती. तिचं डोकंच काय ते उरलंय, आणि त्याचाही चेहरा पार गेलाय. शिरोभूषणाचं बारीक काम मात्र अजून हात जोडावेत असं. डाव्या खांद्याच्या वर ब्राह्मीत एकच ओळ आहे: ‘कण्हस अंतेवासिना बलकेन कतं’. कण्हाचा शिष्य बलक, त्याने हे केलं.

ही सही आहे, आणि ती साधारण इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातली आहे. सह्याद्रीतल्या लेण्यांत लेख भरपूर, पण ते बहुतेक पैसे देणाऱ्यांचे. घाट चढून कार्ल्याला जा. तिथे वैजयंतीचा शेठ भूतपाल सांगतो की जंबुद्वीपातलं हे उत्तम शैलगृह आपण पुरं केलं. छिन्नी कोणी धरली ते सांगायची त्याला गरज वाटली नाही. आजच्या कोनशिलेवर गवंड्याचं नाव शोधून पाहा, म्हणजे भूतपालाला दोष द्यावासा वाटणार नाही.

कोंडाण्याला एक जोडीदार आहे, तो पितळखोऱ्याच्या लेण्यांतला. तिथे सापडलेला बुटका, हसरा यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या हाताच्या मागच्या बाजूला कण्हदास नावाच्या सोनाराने ‘हे मी केलं’ असं कोरलंय. सोन्याचं काम करणारा माणूस दगडाकडे वळला, हे त्या यक्षाच्या दागिन्यांकडे पाहिलं की पटतंही. हा कण्हदास आणि बलकाचा गुरू कण्ह एकच, असं म्हणायचा मोह होतो. पण कण्ह म्हणजे कृष्ण, आणि हे नाव तेव्हाही गल्लोगल्ली असणार. मोह आवरलेला बरा.

आता रोमला जाऊ. साधारण त्याच शतकात तिथे स्टेफॅनोस नावाच्या ग्रीक शिल्पकाराने एका तरुण मल्लाचा संगमरवरी पुतळा घडवला आणि त्यावर लिहिलं: पासिटेलीसचा शिष्य स्टेफॅनोस याने केलं. पुढे मेनेलाओसने दोन मूर्तींचा गट घडवला आणि लिहिलं: स्टेफॅनोसचा शिष्य मेनेलाओस. गुरू, चेला, चेल्याचा चेला. कोंडाण्याच्या ओळीचा घाट अगदी हाच. यांचा एकमेकांशी काही संबंध होता असं मला सुचवायचं नाही. पण घराण्यात गाणारा माणूस आधी गुरूचं नाव घेऊन कानाला हात लावतो, तेवढी ही गोष्ट आपल्याला ओळखीची आहे. शिष्य म्हणवून घेतल्याने कमीपणा येत नाही, उलट भाव वाढतो, हे रोममधल्या ग्रीकालाही कळत होतं. बापाचं नाव लावणं ही ग्रीकांची नेहमीची रीत. व्हॅटिकनमधलं बेल्वेडेरचं ते डोकं नसलेलं प्रसिद्ध धड पाहा: नेस्टरचा मुलगा अपोलोनिओस, अथेन्सचा. तिथे बापाची जागा गुरूने घ्यावी, ही नवलाची गोष्ट होती.

ग्रीकांची सही त्याच्याही आधीची, आणि ती आली मडक्यांवरून. इसवी सनापूर्वी ५१० च्या सुमारास युथिमिडीसने एका कुंभावर नाचणारे तिघे रंगवले, स्वतःचं आणि बापाचं नाव घातलं आणि वर आणखी खरडलं: युफ्रोनिओसला असं कधीच जमलं नाही! शेजारच्या कुंभारवाड्यातल्या माणसाला मारलेली ही कोपरखळी आज म्युनिकच्या संग्रहालयात आहे.

मध्ययुगातही सह्या सापडतात. फ्रान्समधल्या ओतँच्या चर्चच्या दारावर, ११३० च्या आसपास, ख्रिस्ताच्या पायाखाली कोरलंय: गिस्लेबेर्तुसने हे केलं. आता पंडित वाद घालतात की हा शिल्पकार, की काम करवून घेणारा कोणी बडा माणूस? बलकाबद्दलही ही शंका घेता येते, कारण भिक्षूंचे चेलेही स्वतःला अंतेवासीच म्हणवत. मला विचाराल तर तो पाथरवटच. दान देणारा माणूस ‘दान’ लिहितो. मूर्तीच्या खांद्याजवळ, एका ओळीत, ‘केलं’ असं लिहून जाणारा वेगळा.

पुढे युरोपात सही धीट होत गेली. चित्रकार यान व्हान आइकने १४३४ साली एका जोडप्याच्या चित्रात, मागच्या भिंतीवर, आरशाच्या डोक्यावर लिहिलं की यान व्हान आइक इथे होता. मायकेलअँजेलोने आयुष्यात एकाच शिल्पावर सही केली, ‘पिएता’वर, मेरीच्या छातीवरच्या पट्ट्यावर. त्याचा चरित्रकार वसारी सांगतो त्याप्रमाणे, काही परगावचे लोक ते काम भलत्याच शिल्पकाराचं समजले, तेव्हा हा पंचविशीतला पोरगा रात्री दिवा घेऊन गेला आणि नाव कोरून आला. कथा खरी असेलच असं नाही, पण राग खरा वाटतो.

जर्मन चित्रकार ड्यूररच्या वेळी मात्र भांडण पैशाचं होतं. त्याचे लाकडी ठसे मार्कान्तोनियो रायमोंदीने तांब्यावर उतरवले, तेही ड्यूररच्या ‘ए’ आणि ‘डी’ या अक्षरांच्या खुणेसकट. वसारीच्या म्हणण्यानुसार व्हेनिसच्या दरबारने निकाल दिला की चित्राची नक्कल चालेल, खूण वापरायची नाही. म्हणजे चित्रापेक्षा सही जपण्यासारखी ठरली. १९१७ साली द्यूशाँ या कलावंताने न्यूयॉर्कमध्ये दुकानातून आणलेल्या मुतारीवर ‘आर. मट’ असं खोटं नाव टाकून ती प्रदर्शनाला पाठवली, ती याच वाटेवरची शेवटची थट्टा. हाताने काही करायचंच नाही, फक्त सही करायची.

आपल्याकडे हे सगळं घाटाच्या वर, मळवलीला येऊन गेलंय. कर्जतला मागून इंजिनं लागून वर चढणाऱ्या गाडीला लोणावळ्यानंतर जे स्टेशन लागतं, तिथे राजा रवि वर्मांचा छापखाना होता. १८९४ साली मुंबईत सुरू झालेला हा छापखाना शतक संपता संपता तिकडे गेला. लक्ष्मी, सरस्वती दगडी शिळांवर उतरवून एकेका रंगात छापल्या जायच्या. शिळेवर चित्र उतरवणारे कारागीर वेगळे, त्यांचं नाव कुठे नाही. रवि वर्मांनी छापखाना फ्रित्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकला, १९०६ साली ते वारले, तरी चित्राखाली ‘रवि वर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा’ छापलं जात राहिलं. धुरंधरांसारख्या दुसऱ्या चित्रकारांची चित्रंही तिथून निघाली. कोकणातल्या माजघरात मात्र देव्हाऱ्याच्या वर टांगलेलं प्रत्येक चित्र रवि वर्माचंच.