प्रकाशाचा रवा

दिवाळीच्या अंकात गोंगाटावर लेख आला, तर वाचक म्हणतील, यात नवे ते काय? दारात सकाळपासून तोच तर चालला आहे! परंतु मला ज्या गोंगाटाविषयी लिहावयाचे आहे, तो कानांना ऐकू येत नाही, डोळ्यांना दिसतो. लक्ष्मीपूजनाच्या रात्री विजेचे दिवे मालवून, नुसत्या पणत्यांच्या उजेडात काढलेला एखादा फोटो मोठा करून पाहा. ज्योत झकास आलेली असते. पण तिच्या मागचा काळोख पाहावा, तर तेथे लाल-हिरव्या ठिपक्यांची खसखस सांडलेली. छायाचित्रकारांच्या बोलीत याला ‘नॉइज’ म्हणतात, म्हणजे गोंगाटच. आमच्या घरात मात्र ‘फोटो रवाळ आला’ असे म्हणण्याची पद्धत आहे. रवाळ असावे ते तूप. फोटो रवाळ झाला की मंडळी हिरमुसतात आणि कॅमेऱ्याला नावे ठेवतात.

या रव्यात कॅमेऱ्याचा दोष किती आणि खुद्द प्रकाशाचा किती, ही गोष्ट उलगडण्यात विसाव्या शतकाचा बराच भाग खर्ची पडला. ती कथा मला मोठी रंजक वाटते.

फिल्मच्या जमान्यात रवा खराखुरा असे. जिलेटिनच्या थरात चांदीच्या क्षारांचे बारीक स्फटिक पसरलेले असत. एखाद्या स्फटिकावर प्रकाशाचे मोजके कण पडले, की डेव्हलपरमध्ये तो सबंध स्फटिक चांदीचा काळा दाणा होऊन बसे. अर्धामुर्धा व्यवहार त्याला ठाऊक नाही. साहजिकच मोठ्या स्फटिकावर प्रकाश पडण्याचा संभव अधिक, म्हणून मंद उजेडात काम करणारी फिल्म हवी असेल तर स्फटिक मोठे ठेवावे लागत, आणि स्फटिक मोठे म्हणजे दाणाही मोठा. चपळाई आणि तलमपणा एकाच फिल्मला मिळणे कठीण होते. प्लेटची ही चपळाई मोजण्याची शास्त्रशुद्ध रीत इंग्लंडातील विडनेस गावच्या हर्टर आणि ड्रिफील्ड या दोघा हौशी गृहस्थांनी १८९० साली मांडली. दोघेही पेशाने रसायनांच्या धंद्यातले. पुढे जर्मनांनी १९३४ साली डिन आणि अमेरिकनांनी १९४३ साली एएसए अशी आपापली मापे ठरविली, आणि १९७४ साली दोन्हींचा मेळ घालून आयएसओ हे जागतिक माप आले. आजच्या फोनमध्ये जो आयएसओचा आकडा दिसतो, त्याचे कुळ हे असे आहे.

१९५४ साली कोडॅकने ट्राय-एक्स ही फिल्म ३५ मिलिमीटरच्या रिळात आणली, आणि वर्तमानपत्रांच्या छायाचित्रकारांना रात्र मोकळी झाली. फिल्मला जाणूनबुजून कमी प्रकाश द्यायचा आणि ती डेव्हलपरमध्ये जास्त वेळ ठेवायची, ही युक्तीही त्यांच्या अंगवळणी पडली. दाणा वाढे, पण बातमी मिळे. १९८२ साली कोडॅकनेच एक सुरेख तोड काढली. गोटीसारख्या स्फटिकाऐवजी लाट्या लाटून पापड करावेत तसे चपटे स्फटिक केले. चांदी तेवढीच, पण प्रकाशाकडे तोंड मोठे. यावर मी आणखी पानभर लिहिले असते, पण आपल्याला पुढे जावयाचे आहे.

डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टीला ‘गोंगाट’ हे नाव का पडले, याचे उत्तर रेडिओच्या जन्मकाळात आहे. १९१८ साली वॉल्टर शॉट्की या जर्मन पदार्थशास्त्रज्ञाने एक निबंध प्रसिद्ध केला. काचेच्या व्हॉल्व्हमधून वाहणारा विद्युत्प्रवाह कितीही शुद्ध राखला तरी ध्वनिवर्धकात एक खरखर उरतेच, ती का, हा त्याचा प्रश्न. त्याने दोन कारणे सांगितली. एक म्हणजे उष्णता. दुसरे कारण असे की, वीज ही पाण्याच्या धारेसारखी सलग नाहीच; ती इलेक्ट्रॉनांची बरसात आहे, आणि पत्र्यावर छर्रे पडावेत तशी ती अनियमितपणे पडते. ‘श्रोट’ म्हणजे जर्मन भाषेत छर्रे. त्यावरून त्याने या परिणामाला नाव दिले. उष्णतेच्या खरखरीचे मोजमाप आणि गणित अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत जॉन्सन आणि नायक्विस्ट यांनी १९२८ साली पुरे केले. कानाला लावायच्या यंत्रातला हा शब्द पुढे दूरचित्रवाणीत गेला, तेथून कॅमेऱ्यात आला.

आणि प्रकाशही बरसातच आहे! आइन्स्टाइनने १९०५ सालीच प्रकाश कणाकणाने येतो असे मांडले होते. याचा आपल्या रव्याशी काय संबंध, हे पाहावयाचे असेल तर श्रावणातली झिमझिम आठवा. अंगणात सारख्या आकाराच्या वाट्या ओळीने मांडल्या आणि क्षणभराने प्रत्येकीतले थेंब मोजले, तर ते सारखे भरणार नाहीत. सरासरी शंभर थेंबांची असेल, तर कुठे नव्वद, कुठे एकशे दहा असा दहाचा फरक सहज पडेल. सरासरी चारच थेंबांची असेल, तर फरक दोनाचा, म्हणजे निम्म्याने! उलट दहा हजार थेंब पडू दिले, तर फरक शंभराचा, म्हणजे शेकडा एक. थेंबांच्या संख्येचे वर्गमूळ काढले की फरक मिळतो. वाट्या कितीही घासूनपुसून ठेवल्या तरी हा फरक जाणार नाही, कारण तो वाट्यांचा नाही, पावसाचा आहे. फोटोच्या काळोख्या भागात रवा जास्त का दिसतो, याचेही उत्तर यातच आले. तेथे थेंबच थोडे पडतात.

आल्बर्ट रोझ या अमेरिकन संशोधकाने हे चित्ररूपाने दाखविले. आरसीए कंपनीत दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्याच्या नळ्यांवर काम करताना त्याने १९४८ साली असा ताळा मांडला, की एखादी खूण भोवतालच्या रव्यातून खात्रीने ओळखू यावयाची, तर ती रव्याच्या सुमारे पाचपट ठळक हवी. १९५३ साली त्याने एका स्त्रीचे एकच चित्र वाढत्या प्रकाशकणांनी रेखून छापले. सुमारे तीन हजार कणांच्या चित्रात नुसती रांगोळी विस्कटल्यासारखी दिसते. शेवटच्या, २ कोटी ८० लाख कणांच्या चित्रात चेहरा स्वच्छ उमटतो. या विषयावरचे ग्रंथ वाचण्यापेक्षा ही सहा चित्रे पाहावीत असे माझे मत आहे.

फिल्मच्या जागी विजेच्या वाट्या आल्या त्या १९६९ सालच्या शोधातून. बेल प्रयोगशाळेतच विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडी नावाची चकती कल्पिली. तिच्यातील प्रत्येक घरात प्रकाशाने विजेचा भार साठतो, आणि बांधकामावर घमेली हातोहात पुढे सरकवावीत तसा तो एका घरातून दुसऱ्या घरात सरकत मोजणीच्या टोकाला येतो. चाळीस वर्षांनी, २००९ साली, दोघांना त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले.

यंत्राचा स्वतःचा दोष तो येथे. मोजणीचे भांडे दर वेळी रिकामे केले, तरी उष्णतेमुळे त्यात थोडाफार भार कमीजास्त उरतो. यावर १९७४ साली वेस्टिंगहाउस कंपनीतल्या मार्व्हिन व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जो उपाय प्रसिद्ध केला, तो आपल्याकडचा प्रत्येक वाणी पिढ्यान्‌पिढ्या करीत आला आहे. तूप मोजण्याआधी तो भांड्याचा धडा करतो! आधी रिकामे भांडे मोजायचे, मग भरलेले, आणि एकातून दुसरे वजा करायचे. या एका युक्तीने यंत्राचा बराचसा गोंगाट मिटला. खगोलशास्त्रज्ञांनी आणखी पुढे जाऊन चकती गोठवली, कारण पाच-सात अंश तापमान वाढले की काळोखातच आपोआप साठणारा भार जवळजवळ दुप्पट होतो. झाकण लावून काळोखाचाच एक फोटो घ्यावयाचा आणि तो खऱ्या फोटोतून वजा करावयाचा, ही रीतही त्यांनी रुळविली.

आरंभी सांगितलेल्या लाल-हिरव्या खसखशीचा उगम मात्र वेगळा आहे. चकतीला रंग कळत नाहीत. कोडॅकच्या ब्राइस बेयर याने १९७६ साली पेटंट मिळविले ते तिच्यावर रंगीत काचांचा पट घालण्याचे. दोन घरे हिरवी, एक लाल, एक निळे. प्रत्येक घर एकच रंग पाहते. उरलेले दोन रंग शेजाऱ्यांवरून ताडावे लागतात. थेंब थोडे असले की हा अंदाज चुकतो आणि काळोखात रंग उगवतात.

आता आयएसओच्या आकड्याबद्दलचा एक सार्वत्रिक गैरसमज. आकडा वाढविला म्हणजे कॅमेऱ्याची नजर तीक्ष्ण होते, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. दूरचे स्टेशन मंद लागले म्हणून रेडिओचा आवाज वाढवावा, तर गाण्याबरोबर खरखरही मोठी होते. तसाच हा प्रकार. रवा येतो तो उजेडाच्या तुटवड्याने. आकडा तो फक्त उघड करतो. यंत्रे सुधारली हे खरे. २००७ साली निकॉनचा डी-३ आला आणि ६४०० आयएसओवर छापण्याजोगे फोटो निघू लागले, तेव्हा ट्राय-एक्सवर हात बसलेली मंडळी चकित झाली. परंतु पावसाचा नियम तोच राहिला.

म्हणून खरा उपाय एकच, अधिक थेंब जमविणे. कॅमेरा स्थिर ठेवून झडप जास्त वेळ उघडी ठेवावी, किंवा पाठोपाठ अनेक फोटो घेऊन त्यांची सरासरी काढावी. सोळा फोटोंची सरासरी घेतली तर रवा चौथाईवर येतो. ताऱ्यांचे फोटो घेणारे हे फार दिवसांपासून करीत. गूगलने २०१८ साली आपल्या फोनवर ‘नाइट साइट’ आणले, तेव्हा तो फोन गुपचूप पंधरापर्यंत फोटो घेऊन, हाताचा कंप जमेस धरून, ते एकमेकांवर बसवू लागला.

हे न जमल्यास उरतो तो तर्क. १९७० नंतरच्या दशकात जॉन ट्यूकी या संख्याशास्त्रज्ञाने पुरस्कारिलेली रीत साधी आहे. एक घर आणि त्याचे आठ शेजारी घ्यावेत, नऊ आकडे उतरत्या क्रमाने लावावेत आणि मधला ठेवावा. चुकार ठिपका जातो, पण बारीक रेघही जाते. २००५ साली बुआदेस, कोल आणि मोरेल या तिघांनी अधिक शहाणपणाची वाट काढली. शेजारी कशाला विचारावेत? सारखे दिसणारे विचारावेत! पैठणीच्या पदरावर एकच बुट्टी पन्नास ठिकाणी असते. त्या साऱ्या बुट्ट्यांची सरासरी घेतली तर प्रत्येक बुट्टी स्वच्छ होते आणि काठ पुसला जात नाही. मग यंत्रांना लक्षावधी फोटो दाखवून शिकविण्याचे युग आले. अशा यंत्राला रवाळ फोटो दिला, की तेथे काय असावे हे ते आपल्या आठवणीतून भरते. येथे माझे मन अडखळते. सरासरी घेणारा साक्षीदार अधिक वेळ पाहतो. हा साक्षीदार न पाहिलेलेही सांगतो.

माझी आत्या साताऱ्याकडची. वय ऐंशीच्या पुढे. तिच्या हनुवटीवर तीन ठिपक्यांचे गोंदण आहे, लहानपणी जत्रेत आईने करविलेले. आता ते सुरकुत्यांत फिके हिरवट उरले आहे. गेल्या दिवाळीत पणत्या लावताना माझ्या पुतण्याने फोनवर तिचा फोटो काढला. काळोख मखमलीसारखा, गाल गुळगुळीत, रव्याचा मागमूस नाही. सगळ्यांनी वाहवा केली. आत्याने चष्मा वर-खाली करून पाहिले आणि विचारले, “ही कोण रे? माझ्यासारखी दिसते खरी, पण हिचं गोंदण कुठं गेलं?” मंद उजेडातल्या तीन फिक्या ठिपक्यांना फोनने रवा समजून पुसून टाकले होते. पंधरा-वीस सुरकुत्याही त्यांच्याबरोबर गेल्या होत्या.

पुतण्या जिद्दीचा. त्याने फोनमधली आपोआप चालणारी सारी सफाई बंद केली, आयएसओ १०० वर आणला, झडप दोन सेकंद उघडी राहील असे केले आणि फोन चकल्यांच्या डब्याला टेकवून ठेवला. आणखी चार पणत्या आत्याच्या बाजूला सरकवल्या. “आत्याआजी, दोन सेकंद हलायचं नाही हं!” आत्या म्हणाली, “अरे, माझ्या लग्नातल्या फोटोवाल्यानं असंच दटावलं होतं.” दोनदा तिला हसू आले आणि फोटो हलला. तिसरा जमला. गोंदणाचे तिन्ही ठिपके त्यात आहेत, डोळ्यांत पणत्यांची टिंबे आहेत, आणि मागच्या भिंतीवर थोडा रवा आहे. तोही काढू का, असे पुतण्याने विचारले, तेव्हा रंगांची खसखस तेवढी काढावयास मी सांगितले; बाकीचा तसाच ठेवून दहा बाय बाराची प्रत छापून घेतली.